टेकऑफची परवानगी दिल्यावर एटीसी विमान थांबवू शकतं का?

प्रश्न विचारणाऱ्यांचा अनुभव आधी थोडक्यात सांगते. मुंबईहून नागपूरला निघालेलं संध्याकाळचं विमान रनवेवर येऊन दोनेक मिनिटं उभं राहिलं. मग इंजिनांचा आवाज चढला, विमान धावू लागलं आणि काही सेकंदांतच कचकन ब्रेक लागले. कॅप्टनने 'एटीसीच्या सूचनेवरून थांबलो आहोत' एवढंच सांगितलं. (एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, टॉवरवरून विमानांना परवानग्या देणारे आम्ही कंट्रोलर.) विमान टॅक्सीवेवरून फिरून परत आलं आणि ४० मिनिटांनी उडालं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: एकदा दिलेली परवानगी मागे का घेतली, विमान आणखी वेगात असताना सांगितलं असतं तर काय झालं असतं, आणि एवढा सगळा कारभार अजूनही रेडिओवरच्या तोंडी बोलण्यावर का चालतो.

मी बरीच वर्षं टॉवरवर ड्यूटी केली, अलीकडे नवीन कंट्रोलर मुलामुलींना शिकवते. असं थांबावं लागण्याची कारणं पुष्कळ असतात. रनवेवर कुत्रं आलं, आधीच्या विमानाने पक्षी धडकल्याचं कळवलं, एखादी जीप थांबायच्या जागेच्या पुढे आली, उतरलेलं विमान वेळेत बाहेर पडलं नाही, किंवा कॉकपिटमध्येच एखादा इशारा वाजला आणि प्रवाशांना घाबरवायला नको म्हणून कॅप्टनने सोपं उत्तर दिलं. त्यामुळे कारणाचे अंदाज बांधत बसण्यापेक्षा तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो घेऊ: टेकऑफच्या त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात विमान नक्की कोणाच्या हातात असतं?

पायलटच्या. रनवे आमचा, विमान त्यांचं. 'क्लिअर्ड फॉर टेकऑफ' हा उडण्याचा हुकूम नसतो. या घडीला हा रनवे फक्त तुमच्यासाठी राखलेला आहे, एवढंच आम्ही सांगत असतो. पायलटला काही खटकलं तर तो निघणार नाही, आम्हाला खटकलं तर आम्ही परवानगी परत घेऊ. दोघांनाही त्याचं स्पष्टीकरण त्या क्षणी द्यावं लागत नाही. परवानगी परत घेतली म्हणजे कोणाचं तरी चुकलं, असा समज प्रवाशांमध्ये दिसतो. बहुतेक वेळा परिस्थिती बदललेली असते, इतकंच.

मुंबईत ही परिस्थिती किती भराभर बदलते ते आकड्यांत बघा. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकाचाच उपयोग होतो. उतरणारी आणि उडणारी विमानं त्याच एका पट्टीवर. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात इथे हजारावर विमानांची ये-जा झाली होती. आता समजा, उतरायला येणारं विमान रनवेच्या टोकापासून ४ नॉटिकल मैलांवर (सुमारे साडेसात किलोमीटर) आहे आणि त्याचा वेग १४० नॉट्स (ताशी सुमारे २६० किलोमीटर) आहे. त्याला टोकावर पोहोचायला साधारण १०० सेकंद लागतील. उडणारं विमान रनवेवर सरळ उभं आहे. मी क्लिअरन्स दिला, पायलटने तो परत म्हणून दाखवला, थ्रस्ट वाढवला, ब्रेक सोडले, की १०-१५ सेकंद गेले. चाकं जमीन सोडेपर्यंत आणखी ३५-४०. हातात उरले ५० सेकंद. ऐकायला भरपूर वाटतात. पण पायलटने राहिलेली एक चेकलिस्ट पुरी करायला २५ सेकंद घेतले आणि मागून येणाऱ्याचा वेग धरला होता त्यापेक्षा जास्त निघाला, की हिशेब कोलमडतो.

म्हणून विमान रनवेवर घेण्याआधीच आम्ही विचारतो, लगेच निघायची तयारी आहे का. ज्या पायलटने स्पष्ट 'अनेबल', म्हणजे जमणार नाही, म्हटलं तो माझ्या आवडीचा. त्याला बाहेर थांबवून मी पुढच्याला घेते, कोणाचंच बिघडत नाही. त्रास होतो तो 'हो, हो, रेडी' म्हणून आत येणाऱ्या आणि मग आत येऊन कामं आठवणाऱ्याचा.

उतरणाऱ्या आणि उडणाऱ्या विमानांमधली ही फट बुजत चालली असं दिसलं की टॉवरवर दोन दारं उघडी असतात. उडणाऱ्याला थांबवायचं, नाहीतर उतरणाऱ्याला गो-अराउंड द्यायचा, म्हणजे न उतरता परत वर जायला सांगायचं. उडणारा अजून धावायला लागला नसेल तर प्रश्न सोपा असतो. तो धावायला लागला असेल तर बहुतेकदा हवेतल्याला वर पाठवणं बरं. पण तेही फुकट मिळत नाही. आता दोन्ही विमानं एकाच दिशेने हवेत, मागचं कदाचित पुढच्याच्या वर, आणि दोघांनाही एकमेकांचं नीट दिसत नाही. अशा वेळी लगेच एकाला वळवावं लागतं. ८ जून २०२४ चा मुंबईचा व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला असेल. पुढचं विमान अजून रनवेवर धावतंच होतं आणि मागच्याची चाकं टेकली. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, चौकशी लावली आणि संबंधित कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला केलं. दोन्ही विमानं सुखरूप होती. तरी पुढच्याने काही कारणाने टेकऑफ सोडून ब्रेक मारले असते तर काय झालं असतं, हा विचार त्या फटीत बसवलेलाच नव्हता, असं तो व्हिडिओ बघताना मला वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. थांबवायचे शब्द दोन प्रकारचे आहेत आणि ते मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. विमान अजून जागेवर असेल तर 'होल्ड पोझिशन, कॅन्सल टेकऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेकऑफ' असं म्हणून कारण सांगायचं. ते धावू लागलं असेल तर 'स्टॉप इमिजिएटली', मग कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), मग पुन्हा 'स्टॉप इमिजिएटली'. इथे 'प्लीज' नाही, लांबलचक वाक्य नाही. शिकाऊ मुलांकडून हे वाक्य मी जोरात म्हणून घेते, कारण पहिल्यांदा म्हणताना सगळ्यांचा आवाज बारीक होतो.

पण हे म्हटल्यावर पायलट थांबेलच असं नाही, आणि थांबायलाच हवं असंही नाही. साधारण ८० ते १०० नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी १५०-१८५ किलोमीटरपर्यंत, कुठल्याही शंकेला थांबणं सोपं असतं. तुमचं विमान याच टप्प्यात थांबलं असणार, कारण तुम्ही 'काही सेकंदांत' म्हणता आहात. त्यापुढे पायलट फक्त मोठ्या कारणासाठी थांबतो: आग, इंजिन बंद पडणं, विमान उडणारच नाही असं वाटणं, पुढे रनवे अडलेला असणं. आणि व्ही-वन नावाचा एक वेग असतो. तो विमानाचं वजन, रनवेची लांबी, तापमान, वारा, रनवे ओला आहे की कोरडा यावरून दर उड्डाणाला नव्याने काढतात. त्यापुढे ब्रेक मारले तर उरलेल्या रनवेत विमान थांबेल याची खात्री नसते, म्हणून त्यानंतर उडायचंच, असा दंडक आहे. व्ही-वन ओलांडल्यावर माझं 'स्टॉप' कानावर पडलं तर कॅप्टन ते बाजूला सारून विमान उचलू शकतो. तो अधिकार त्याचाच आहे.

पुण्याचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीला निघालेलं एक विमान वेगात असताना पायलटना रनवेवर जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी थांबण्याऐवजी नेहमीपेक्षा आधी विमान उचललं. शेपटीचा भाग रनवेला घासला, पण विमान सुखरूप दिल्लीला उतरलं. त्या दोन सेकंदांत टॉवरने काहीही म्हटलं असतं तरी त्याचा उपयोग झाला नसता.

म्हणूनच एकदा विमान धावू लागलं की सुरक्षिततेचं अगदीच अडलेलं काम असल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं नाही, असा नियम आहे. वारा बदलला, पुढची फ्रिक्वेन्सी द्यायची आहे, 'गुड इव्हनिंग' म्हणायचं आहे, सगळं नंतर. तुम्ही खिडकीतून बघत असता तेव्हा कॉकपिटच्या रेडिओवर बहुधा शांतता असते. आमचं जे काही काम आहे ते त्याआधी संपवायचं असतं, आणि त्यातलं अर्धं काम ऐकण्याचं असतं.

हे ऐकणं म्हणजे रीडबॅक, पायलटने आमची सूचना परत म्हणून दाखवणं. रनवेचा नंबर, त्यावर जायची, तो ओलांडायची, त्याच्या अलीकडे थांबायची, उडायची किंवा उतरायची परवानगी, ही प्रत्येक गोष्ट पायलटने परत म्हणून दाखवलीच पाहिजे. नुसतं 'रॉजर' चालत नाही. आणि त्याने म्हटलेलं मी कान देऊन ऐकलंच पाहिजे. इथेच घोळ होतो. आपण जे सांगितलं तेच परत ऐकू येणार अशी मनाची तयारी झालेली असते, त्यामुळे चुकीचं उत्तर बरोबर ऐकू येतं. विशेषतः शिफ्टच्या शेवटी. शिकवताना मी एक साधा उपाय देते. रीडबॅक संपेपर्यंत पेन स्ट्रिपला, म्हणजे प्रत्येक विमानाची नोंद असलेल्या पट्टीला, टेकवायचं नाही. हात मोकळा नसला की कान निम्मा बंद होतो.

२७ मार्च १९७७ चा टेनेरिफचा अपघात आमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात येतो. कॅनरी बेटांवरचा छोटा विमानतळ, दाट धुकं, दुसऱ्या बेटावरच्या बॉम्बस्फोटामुळे तिथे वळवलेली विमानांची गर्दी. केएलएमचं जम्बो रनवेच्या टोकावर उभं होतं, पॅन अॅमचं जम्बो त्याच रनवेवरून समोरून टॅक्सी करत येत होतं. टॉवरने केएलएमला उडाल्यानंतरचा मार्ग सांगितला. केएलएमच्या सहवैमानिकाने तो परत म्हटला आणि शेवटी 'वुई आर नाउ अॅट टेकऑफ' असं जोडलं. टॉवरला वाटलं ते टोकावर तयार उभे आहेत. विमान खरं तर निघालं होतं. टॉवर म्हणाला 'ओके', आणि क्षणभराने, टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन अॅमने सांगितलं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोन्ही बोलणी एकमेकांवर आदळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' नंतर जवळजवळ फक्त कर्कश शिट्टी ऐकू आली. ५८३ माणसं गेली.

हवाई रेडिओत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की अशी शिट्टी येते. ती ऐकली की जो कोणी ऐकतोय त्याने 'ब्लॉक्ड' म्हणायचं आणि बोलणाऱ्यांनी पुन्हा बोलायचं, एवढं आज प्रत्येकाला पाठ असतं. दुसरा बदल जास्त मोठा. 'टेकऑफ' हा शब्द आता फक्त दोन ठिकाणी उच्चारायचा, परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. रनवेवर उभं करायचं असेल तर 'लाइन अप अँड वेट'. आणि मार्गाची परवानगी शक्यतो विमान गेटवर उभं असतानाच देऊन टाकायची, रनवेच्या तोंडाशी नाही.

इतकं करूनही शब्द दगा देऊ शकतात. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर तटरक्षक दलाचं छोटं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने त्याला 'नंबर वन' म्हणत सी-फाइव्ह या थांबण्याच्या जागेपर्यंत यायला सांगितलं. रीडबॅक बरोबर आला. तरी ते विमान रनवेवर गेलं आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभं राहिलं. मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्याच्यावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. उड्डाणाच्या रांगेत तुमचा पहिला नंबर, असं टॉवरला म्हणायचं होतं. त्यानंतर जपानने रांगेतला क्रमांक सांगणं काही काळ बंदच केलं. मी स्वतः होल्डिंग पॉइंटवरच्या, म्हणजे रनवेच्या अलीकडे थांबलेल्या, पायलटला क्रमांक सांगत नाही. तो सांगून त्याचं काम एक पैशाने हलकं होत नाही.

तुम्ही रनवेवर जी दोन मिनिटं उभे होतात ती मला त्या ब्रेकपेक्षा जास्त महत्त्वाची वाटतात. रनवेवर उभं केलेलं विमान टॉवरवरून, विशेषतः संध्याकाळी आणि रात्री, दिव्यांच्या गर्दीत हरवतं. १ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये रनवेच्या मधल्या भागात उभ्या केलेल्या छोट्या विमानाचा टॉवरला विसर पडला आणि दुसऱ्याला त्याच रनवेवर उतरायची परवानगी गेली. ३५ जण दगावले. अमेरिकेत पायलटना शिकवतात की असं उभं राहून ९० सेकंद झाली आणि काही कळलं नाही तर तुम्हीच विचारा. ही सवय मी आपल्या पायलटनाही सांगत असते. आमच्या बाजूने उपाय दोन. एक म्हणजे स्ट्रिप. रनवेवर कोणी आहे, मग ते विमान असो की तपासणीची जीप, तर समोरच्या बोर्डवर रनवेच्या जागी त्याची पट्टी किंवा 'रनवे ब्लॉक्ड' लिहिलेली पट्टी आडवी पडलीच पाहिजे. ती उचलल्याशिवाय तोंडातून 'क्लिअर्ड' निघता कामा नये. दुसरा उपाय डोळे. प्रत्येक क्लिअरन्सच्या आधी रनवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचा, गरज पडली तर दुर्बिणीने, आणि मग उतरणाऱ्याची दिशा. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरचं रडार असतं, धोका दिसला की इशाराही देतं. पण हानेडातही पडद्यावर इशारा होता. तो कोणाच्या लक्षात आला नाही.

रेडिओवर जे बोललं जात नाही त्यातूनही अपघात होऊ शकतात. जानेवारी २०२२ मध्ये बेंगळुरूला दोन समांतर रनवेंवरून दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी सुटली आणि हवेत एकमेकांकडे येऊ लागली. रडारवरच्या कंट्रोलरने दोघांना वेगळ्या दिशांना वळवलं म्हणून निभावलं. एकच रनवे वापरायचा निर्णय झाला होता, पण दुसऱ्या रनवेच्या कंट्रोलरपर्यंत तो पोहोचला नव्हता. दोन्ही पायलटना मिळालेले शब्द अगदी नियमाबरहुकूम होते.

आता तिसरा प्रश्न, रेडिओच का? बऱ्याच गोष्टी रेडिओवरून गेल्यासुद्धा आहेत. मार्गाची परवानगी मोठ्या विमानतळांवर आता लेखी संदेशाने कॉकपिटमध्ये येते, समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशीही असाच लेखी व्यवहार चालतो. टेकऑफची परवानगी मात्र आवाजात राहिली आहे. संदेश टाइप करून, पाठवून, वाचून, होकार येईपर्यंत वरच्या गणितातले ५० सेकंद संपतील. शिवाय टॉवरची फ्रिक्वेन्सी ही गावच्या चावडीसारखी असते. बोलतात दोघं, ऐकतात सगळे. २३ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीत नुकत्याच उतरलेल्या विमानाला दुसरा रनवे ओलांडायला सांगितलं गेलं आणि त्याच रनवेवरून दुसऱ्याला टेकऑफची परवानगी मिळाली. उतरलेल्या विमानाच्या कॅप्टनच्या हे लक्षात आलं, तिने टॉवरला सावध केलं आणि टेकऑफ रद्द झालं. खासगी चॅटसारखे दोघांपुरते संदेश असते तर बाकीच्यांना धोक्याचा वासही लागला नसता.

याच कारणाने समोरचा पायलट मराठी आहे हे आवाजावरून ओळखू आलं तरी सूचना इंग्रजीतच द्यायच्या. 'नमस्कार' चालतो, मीही म्हणते. पण 'जरा थांबा, पुढचा सुटू दे' असं म्हटलं तर मागे होल्डवर असलेल्या परदेशी पायलटला रनवेवर काय चाललंय ते कळणार नाही.

रेडिओची खरी डोकेदुखी निराळीच आहे. सारखे कॉलसाइन. एकाच कंपनीची 'फोर फाइव्ह टू' आणि 'फाइव्ह फोर टू' अशी दोन विमानं एकाच वेळी माझ्याकडे आली की एकाची परवानगी दुसरा उचलू शकतो. दोघांनी एकदम उत्तर दिलं तर शिट्टी ऐकू येऊन निदान शंका तरी येते. चुकीच्या एकट्यानेच उत्तर दिलं तर ते पकडायला आवाजाची ओळखच उपयोगी पडते. असं काही दिसलं की दोघांनाही सावध करायचं आणि कंपनीला पुढच्या वेळापत्रकात एकाचा कॉलसाइन बदलायला सांगायचं.

आणि ती ४० मिनिटं, ज्याबद्दल तुम्ही थोडे वैतागून लिहिलं आहे. अर्धवट सोडलेल्या टेकऑफनंतर ब्रेक तापलेले असतात, कमी वेगातही बऱ्यापैकी. ते पुरेसे निवल्याशिवाय परत टेकऑफ करता येत नाही, कारण पुन्हा थांबायची वेळ आली तर गरम ब्रेक तितके धरत नाहीत. कॅप्टनला चेकलिस्ट पहिल्यापासून करावी लागते, कधी इंजिनिअरिंगशी बोलावं लागतं, इंधन पुरेसं आहे ना ते बघावं लागतं. तोवर तुमची रांगेतली जागा गेलेली असते. संध्याकाळच्या गर्दीत मुंबईत पुन्हा फट मिळवायची तर २०-२५ मिनिटं सहज जातात. टॉवरवर त्या वेळात तुमच्या विमानाची स्ट्रिप नव्याने रांगेत लागलेली असते, आणि तुम्ही ज्यामुळे थांबलात ते रनवेवरून खरंच गेलं आहे का, हे बघायला जीप एक फेरी मारून आलेली असते.